बसून राहण्याची तालीम

प्रिय छोट्या,

तुझा ड्रायव्हर बाहेर गाडीत बसला आहे. दुकानात येऊन बस म्हटलं तर नको म्हणाला, साहेबांनी गाऊन घेऊन लगेच यायला सांगितलंय. मी त्याला थाप मारली की अजून काजं व्हायची आहेत. काजं सकाळीच झाली. इस्त्री करून, घडी घालून गाऊन समोर ठेवला आहे आणि मी तुला लिहीत बसले आहे. फोनवर बोलायला गेलं की तू वकिली सुरू करतोस आणि मला रडू येतं, मग बोलायचं ते राहूनच जातं. कागदाला मध्येच तोडता येत नाही तुला.

गाऊनचे खांदे नेहमीच्याच मापाचे ठेवलेत. तुझी बायको म्हणत होती की तू जेवत नाहीस, पार वाळलायस, म्हणून जरा आवळून शिव. मी ऐकलं नाही. आतल्या शिलाईत कापडही राखलंय, पुढेमागे लागलं तर. तू इथल्या न्यायाधीशाची खुर्ची स्वीकारल्याचं मला पेपरातून कळलं, तेव्हा हे कापड शिवायचंच नाही असं मनात आलं होतं. पण तुझ्या शाळेच्या पहिल्या सदऱ्यापासून सगळं मीच शिवलं, आता या वयात दुसऱ्या शिंप्याकडे कुठे जाशील? शिवताना हात नेहमीसारखा चालला नाही, एवढं मात्र खरं.

गिऱ्हाईक म्हणशील तर नाहीच. कोर्टाच्या फाटकासमोर दुकान असून नवा गाऊन शिवायला कुणी येत नाही. तरुण वकील मुलं येतात, कोट रफू करून घेतात आणि बाकावर बसून राहतात. न्यायाधीश बाईसाहेबांना घरी बसवलं त्या दिवसापासून हे असंच आहे. त्या वकील असल्यापासून त्यांचे गाऊन मी शिवले. कुठला खटला कोणत्या न्यायाधीशापुढे चालवायचा हे सरकारने ठरवायचं नाही, एवढंच त्यांनी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी निकालात म्हटलं. पंधरवडा गेला नाही तोच न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय खाली आणणारा कायदा आला आणि नेमके हे तिघेच त्याखाली सापडले. अंगावर मापं घेऊन बेतावा तसा कायदा! त्या दिवशी बाईसाहेब एका हातात कुंडी आणि दुसऱ्या हातात चष्म्याचं घर घेऊन पायऱ्या उतरल्या. रस्ता माणसांनी भरला होता आणि कुणाच्या तोंडून आवाज नव्हता. घोषणा द्यायच्या नाहीत असं ठरलं होतं, पण ठरलं नसतं तरी त्या दिवशी कुणाला बोलता आलं नसतं. मी हातात कात्री घेऊनच दारात आले होते. पोलीस माझ्याकडे बघायला लागला तेव्हा ते लक्षात आलं, मग ती आत ठेवून आले.

त्यानंतर काय करायचं यावर आमच्या फार बैठका झाल्या. दगड उचलायचा नाही, काच फोडायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. तुला शिकवणाऱ्या हेडबाईंनी मग सुचवलं की काहीच करायचं नाही. त्या तिघांच्या जागी जो कुणी येईल, तो कोर्टात शिरला की उभं राहायचं नाही. आपापल्या बाकावर बसून राहायचं. ऐकायला किती सोपं! पहिला नवा न्यायाधीश आला त्या दिवशी आम्ही दालन भरून बसलो होतो. शिपायाने पुकारा केला आणि छोट्या, आमचे वकीलकाका ताडकन उभे राहिले. त्यांच्यामागे बाकीचे सगळे वकील, कारकून, पक्षकार, आणि हेडबाईसुद्धा. जन्मभराची सवय, पायांना कोण सांगणार? न्यायाधीशांना वाटलं आपलं स्वागतच झालं, ते छान हसले. बाहेर येऊन आम्ही एकमेकांकडे बघेनासे झालो. मग शेजारच्या दुकानातला चष्मेवाला म्हणाला की हे तर हात दाखवून अवलक्षण झालं, आणि मग आम्ही जे हसलो ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फार दिवसांनी हसले मी.

तेव्हापासून शाळेच्या हॉलमध्ये आमची तालीम चालते. नाटकाची नाही, बसून राहण्याची. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही म्हातारेकोतारे गुडघे मुडपून बसतो, चष्मेवाला दारातून खड्या आवाजात पुकारा करतो आणि आम्ही बाक घट्ट धरून ठेवतो. वकीलकाकांना काही केल्या जमेना. तुला परीक्षेसाठी त्यांनी आपली पुस्तकं दिली होती, ओरडताना ऐकलंय का कधी त्यांना तू? त्या दिवशी ते स्वतःच्याच पायांवर ओरडले. मग म्हणाले, ताई, मी उभा राहायचो तो आत येणाऱ्या माणसासाठी कधीच नव्हे. त्या माणसाला कुणाचा फोन येत नाही, या भरवशासाठी उभा राहायचो. तो भरवसाच उठून गेला, आता मी कुणासाठी उठू? असं म्हणून ते बाकावर डोकं टेकून रडले. दुसऱ्या नव्या न्यायाधीशाच्या वेळी मात्र ते बसून राहिले. आम्हीही राहिलो, पण पुढच्या दोन बाकांवरच्यांनाच पकडलं आणि मी तिसऱ्यावर होते. कोर्टाचा अवमान म्हणून त्यांना आठवडाभराची कैद झाली. काका खोकला घेऊन परत आले. त्यांची सनद काढून घेतलीय, हे तुला माहीत असेलच. परवा आपला गाऊन घेऊन ते माझ्याकडे आले, म्हणाले याची एखादी पिशवी करून दे. मी तो आत खुंटीला टांगून ठेवलाय. त्याला कात्री लावायची माझी छाती नाही.

तुझं म्हणणं मला ठाऊक आहे, तुझ्या बायकोने फोनवर सगळं सांगितलं. आपण नाही म्हटलं असतं तर एखादा भाडोत्री माणूस बसला असता, त्यापेक्षा आपण बरे. दगडापेक्षा वीट मऊ. अरे, वीट मऊ खरी, पण ती कुणाच्या डोक्यात घालायला उचललीय ते तरी बघ! भाडोत्री माणूस बसला असता तर तो भाडोत्री आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. तुझं नाव चांगलं आहे, म्हणून तर त्यांना तू हवास. त्या लहानशा गावात तू नगराध्यक्षाच्या विरोधात निकाल दिलास आणि महिन्याच्या आत तुझी बदली झाली, आठवतं? घरी येशील तेव्हा चेहरा पाडून येशील असं मला वाटलं होतं. तू आलास, पोटभर जेवलास आणि दुपारभर घोरत पडलास. मी शेजारी बसून शिवत होते आणि मनात म्हणत होते, आई असती तर तिला हा घोरण्याचा आवाज ऐकवला असता. तेवढा अभिमान मला तुझ्या कुठल्या पदवीचाही वाटला नव्हता. आता तुझी बायको म्हणते तुला झोप लागत नाही. मला वाईट वाटतं रे. रागही येतो आणि वाईटही वाटतं, आणि दोन्ही एकदम आलं की मशीनवर नुसती बसून राहते.

सोमवारी तू पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसायला येशील. समोरच्या पहिल्याच बाकावर हेडबाई असतील, खोकत का होईना पण काका असतील, आणि त्यांच्या शेजारी मी असेन. पुकारा होईल आणि मी उठणार नाही. दारातच तुला धक्का बसू नये म्हणून हे लिहिलं, आणि आणखी एक मागायचं होतं म्हणूनही. मला बाहेरच थांबवायला शिपायाला सांगू नकोस. माझ्यावरून नजर काढून घेऊ नकोस. बाकीच्यांना जी शिक्षा देशील तीच मलाही दे, दिवसानेही कमी नको. बहीण म्हणून मला वगळलंस तर त्या खुर्चीची उरलीसुरली अब्रूही तू घालवलीस असं मी समजेन. कपड्यांची पिशवी मी भरून ठेवली आहे, तू माझी काळजी करू नकोस. आणि माझं नाव उच्चारताना जर तुझी जीभ रेटली नाही, तर मग काकांचंही उच्चारू नकोस, कुणाचंच नको. त्या दालनात त्या दिवशी कुणीतरी उठायलाच हवं असेल, तर छोट्या, तू ऊठ, आणि घरी ये.

अजूनही तुझीच,
ताई