खडूच्या भिंती

३ मार्च, सोमवार

संडासाचं दार थेट जेवणाच्या टेबलासमोर! कुणी काढला हा नकाशा? काढणारा माणूस जेवत नसावा.

फ्लॅट दाखवणारा एजंट म्हणाला, "मॅडम, दार बंद ठेवायचं." मी म्हटलं, मग उघडायचं कधी? तो लगबगीने पुढची खोली दाखवायला लागला.

पुढे तर कहर. शिरल्या शिरल्या सरळसोट पॅसेज, आगगाडीच्या डब्यातल्यासारखा. खोल्या सगळ्या एकाच बाजूला. एवढी जागा नुसती चालण्यात फुकट. ओट्याशी उभी राहिले की घराकडे माझी पाठ. तीस वर्षं वर्गाकडे पाठ करून फळ्यावर भूमिती शिकवली. मागे कोण काय करतंय ते न वळता कळायचं मला. म्हणून काय निवृत्तीनंतरही तेच करायचं?

आणि हे! भिंतीला हात लावून पॅसेजमधून दोनदा गेले-आले आणि म्हणाले, "छान आहे. घेऊन टाकू." मी थक्क. बेचाळीस वर्षांत या माणसाने स्वतःचा शर्ट माझ्याशिवाय पसंत केलेला नाही.

शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. इथले तीन जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, तेव्हा घर बदलायला हवं हे मान्य. पण हेच घर?

४ मार्च

लेकीचा फोन. "आई, घराला पास-नापास करत बसू नकोस. बाबांना आवडलंय ना?"

बाबांना हल्ली काहीही आवडतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली आणि गेल्या वर्षी एकाएकी दुकानाला कुलूप. का, तर म्हणे, "आता घड्याळं लावतं कोण?"

५ मार्च, बुधवार

नुसतं बोलून भागत नाही, करून पाहावं. इथलंच सामान त्या फ्लॅटसारखं लावलं. टेबल तिकडे, कपाट इकडे, स्टूल वाटेत.

दुपारी हे त्या स्टुलावर धडपडले. गुडघा सोलवटला.

"डोळे आहेत की बटणं?" मी.

"बटणंच," म्हणाले आणि हसले. मग म्हणतात, "तू काही हलवत जाऊ नकोस गं."

स्टूल हललेलं चालत नाही आणि घर बदलायला निघालेत! तसं तोंडावर विचारलं. डोळ्यांत थेंब घालायला आत निघून गेले. डोळे कोरडे पडतात म्हणून ते थेंब. एक बाटली संपली की दुसरी.

६ मार्च

सामान होतं तिथे ठेवलं. असं अर्धवट करून काही कळत नाही. एजंटकडून सगळी मापं घेतली. शाळेतला खडूचा डबा अजून माळ्यावर आहे.

७ मार्च, शुक्रवार

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी गच्चीवर पूर्ण फ्लॅट आखला. खऱ्या मापाचा, सुतळी ताणून. दारं, ओटा, टेबल, तो संडास. एक रेघ वाकडी नाही. मग यांना वर बोलावलं. मुख्य दारात उभं केलं आणि स्वतः ओट्याच्या जागी जाऊन म्हटलं, "या आता, पॅसेजमधून स्वयंपाकघरात या."

हे निघाले ते सरळ माझ्या आवाजाच्या दिशेने. भिंतीतून. संडासातून. टेबलावरून.

"अहो, भिंत आहे तिथे!"

थांबले. "कुठे?"

थट्टा वाटली मला. यांना सवय आहे. "पायाखाली बघा की."

त्यांनी खाली पाहिलं. मग चपलेने जमीन चाचपली. अंधारात पायरी चाचपतात तशी. लख्ख ऊन पडलं होतं.

"खडूने आखलंयस होय," म्हणाले.

मी सुतळी गुंडाळत राहिले. सगळी गुंडाळून झाली तेव्हा विचारलं, "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

काचबिंदू. डाव्या डोळ्याला काहीच दिसत नाही. उजव्याला नळीतून बघावं तेवढं समोरचं. दुकान त्यासाठीच बंद केलं. पाय मोकळे करून येतो म्हणून जायचे ते डॉक्टरकडे. एकटे.

संध्याकाळी मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलं ते येत नाही. उरलंय ते जमेल तितकं टिकवू." मी विचारलं, किती दिवस टिकेल? त्यांनी यांच्याकडे पाहिलं. म्हणजे यांना ते आधीच सांगून झालंय.

न वळता कळायचं म्हणे मला. हा माणूस रोज समोर बसून चहा पीत होता. आणि मी त्याला बटणं म्हटलं.

८ मार्च, शनिवार

सकाळी म्हटलं, एजंटला नाही कळवते. हे घर तुम्हाला इंच न् इंच पाठ आहे, माझे गुडघे गेले खड्ड्यात.

"नाही," हे म्हणाले. "हे घर दिसत होतं तेव्हा पाठ झालं. ते नवं घर थोडं दिसतंय तोवर पाठ करू दे. पॅसेज सरळ आहे. मी चुकणार नाही."

हो कळवलं.

मग दोघं गच्चीवर गेलो. हे पुढे. मी मागे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, डोळे मिटून. टेबलापासून संडासाचं दार — चार पावलं.

नकाशा बरोबर आहे.