मोटारीतली सहावी जागा

सांगली,
ता. ५ जून १९४९

प्रिय अक्का,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढच्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

तुझी चिठ्ठी मंगळवारी लालासाहेबांच्या ड्रायव्हरनं आणून दिली. तो साताऱ्याहून मोटार घेऊन इथवर आला, म्हणजे त्याच मोटारीत बसून तुलाही येता आलं असतं. माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, तोंडानं सांगता आलं असतं. पण तू त्यांच्या तिथल्या बंगल्यात बसून चार ओळी खरडल्यास. युरोपच्या मोटारीत रंगूला जागा होत नाही, तिच्याऐवजी लालासाहेबांच्या पत्नीची, चंद्राबाईंची भाची येणार, तिला फ्रेंच येतं. नवा तंबोरा रसूलभाईंकडून घेऊन दहा तारखेच्या आत साताऱ्याला धाडावा. आणि वर ही ओळ: "तंबोरा काय, कुणीही छेडेल." ती वाचून मी हसले, खरंच सांगते. चौदा वर्षांची होते तेव्हापासून तुझ्या मागं बसते आहे मी. बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मांडी मोडून माझे गुडघे गेले, आणि तू म्हणतेस कुणीही छेडेल.

मला जायचं होतं, अक्का. उगाच आव आणत नाही. लालासाहेबांचं काय, ते माधवनगरच्या गिरणीचे मालक, त्यांना झुरिकजवळ नवे माग बघायचे होते. माग बघायला जातोच आहोत तर मोटार बोटीवर चढवू, चार देश हिंडू, आणि बरोबर गाणं असू दे, ही त्यांची हौस. तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या मंडळांनी तुझ्या बैठका ठरवल्या. हौस त्यांची, नाव तुझं, आणि खर्डेघाशी माझी. इंग्रजी पाचवीपर्यंत शिकल्याचं माझं हे फळ. डिसेंबरपासून दुसरं काही केलेलं नाही मी. मिरजेच्या दवाखान्यातल्या त्या परदेशी सिस्टरबाई, ज्यांचं माहेर तिकडच्या डोंगरात आहे, त्यांच्याकडून नकाशा मागून आणला आणि पातळ कागद ठेवून गिरवला. पहिला मुक्काम जिनोआ, मग मिलान, मग कोमोचं तळं. तिथं दोन दिवस, कारण सिस्टरबाई म्हणाल्या की ते तळं एका दिवसात बघून निघणारा माणूस नुसता धूळ खायला आलेला असतो. मग गोटहार्डचा घाट चढून स्वित्झर्लंड, पुढं ल्युसर्न, झुरिक, बर्न, जिनिव्हा, मग फ्रान्समधून पॅरिस आणि शेवटी ब्रसेल्स. एकोणीस दिवस.

लालासाहेबांना मे महिन्यातच निघायचं होतं. त्यांना कुणी सांगितलं की तो घाट मेअखेरपर्यंत बर्फानं बुजलेला असतो? मी सांगितलं. नाहीतर बसला असतात घाटाच्या पायथ्याशी भडंग खात. तिकडं रस्त्याच्या उजव्या बाजूनं गाडी हाकतात, आणि आपल्या मोटारीचं चाकही उजवीकडंच, म्हणजे पुढची गाडी ओलांडताना ड्रायव्हरला समोरचं दिसणार नाही. म्हणून बाळासोला पुढं डाव्या खिडकीशी बसवायचं, तबलजी असला तरी डोळे शाबूत आहेत, हेही मीच ठरवलं. आणि तुझं पोट! खंबाटकीच्या घाटात तुला चारदा खाली उतरवावं लागतं. गोटहार्डची वळणं मी नकाशावर टाचणीनं मोजली आणि दर तासाला थांबायची जागा लिहून ठेवली. आवळासुपारी कुठल्या पिशवीत, लिंबं कुठल्या पिशवीत, हेसुद्धा. भाचीबाईंना फ्रेंच येतं ना, त्या तुझ्या ओकारीला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते सांगतील.

आता जागेचं बोलते. मोटारीत सहा माणसं बसतात. पुढं ड्रायव्हर, लालासाहेब, बाळासो. मागं चंद्राबाई, तू आणि एक जागा. फेब्रुवारीत लालासाहेब म्हणाले होते की ती सहावी जागा तंबोऱ्याला लागणार, टपावर बांधला तर भोपळा फुटेल. मला तेव्हाच कळायला हवं होतं की यांच्या हिशेबात तंबोऱ्याला जागा आहे आणि तंबोरेवालीला नाही. पण मी खुळी, मी उपाय शोधायला लागले. मिरजेला रसूलभाईंकडं जाऊन बसले. म्हटलं, दांडी काढता येईल असा तंबोरा करा, भोपळा एका पेटीत, दांडी दुसऱ्या पेटीत, दोन्ही पेट्या टपावर. त्यांनी आधी हातच जोडले. म्हणाले, "बाई, ह्ये धडापासनं मुंडकं काढायचं काम हाय. आमच्या सात पिढ्यांत कुनी केलं न्हाई." मी महिनाभर पिच्छा पुरवला. दर गुरुवारी सांगलीहून मिरजेला. त्यांची बायको झुबेदा मला बघितलं की हसून आत चहा ठेवायची. दोन तंबोरे वाया गेले, तिसरा जमला. अक्का, तो तंबोरा मी माझी जागा मोकळी करायला करून घेतला. मी जागा केली आणि तू ती भाचीला दिलीस. लालासाहेबांनी दिली असं म्हणू नकोस. ते तुला विचारल्याशिवाय पानसुद्धा खात नाहीत.

मी तुला ओळखते. तुला फ्रेंच नको आहे. तुला मीच नको आहे, आणि का नको ते तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आपण दोघी तीन वर्षं त्यावर झाकण ठेवून बसलो आहोत. ते आज मी काढते.

साताऱ्याची ती दसऱ्यातली बैठक आठव. तू तापातून नुकती उठली होतीस आणि मी नको नको म्हणत होते. पहिलाच ख्याल, अंतऱ्यात वरच्या षड्जावर गेलीस आणि आवाज चिरला. चिरला म्हणजे एक क्षणभरच. मी मागून तो षड्ज घेतला. तंबोऱ्याकडं मान वळवून, तोंड अर्धं झाकून, तुझ्याच आवाजासारखा. लोक म्हणाले, काय दम आहे बाईंचा! तू थांबलीस, मग खाली उतरलीस, जणू तूच लावला होतास. मुक्कामी परतताना टांग्यात तू तोंड फिरवून बसलीस. मला वाटलं, लाजली असेल. पुढच्या बैठकीला पुन्हा तसंच झालं, तिथून पुढं दर बैठकीला. तुझा ताप गेला पण तो षड्ज परत आला नाही. तीन वर्षं तुझा वरचा षड्ज मी लावते आहे. तू फक्त तोंड उघडतेस. आणि आता तुझी समजूत झाली आहे की तो तूच लावतेस. नाहीतर कुणीही छेडेल असं लिहायला तुझा हात धजला नसता. की उलटं आहे? समजूत झालेलीच नाही, आणि ज्याला हे माहीत आहे असं कुणी तुला डोळ्यांसमोर नको? तसं असेल तर बाळासोलाही सोडून जा. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तबलजीला कळणार नाही तर कुणाला कळणार.

चिठ्ठी आली त्या दिवशी मी ठरवलं की अक्षर बोलायचं नाही. जाऊ दे हिला. झुरिकला बसू दे मोठ्या दिवाणखान्यात, सगळ्यांच्या नजरा हिच्यावर, मागं भाची तारा खाजवते आहे, आणि वर जाऊन हिचा आवाज फुटू दे. मग कळेल कुणीही म्हणजे कोण. चार दिवस मी हेच घोकलं आणि मला फार बरं वाटलं. जेवण गोड लागलं. वाईट वाटून घ्यायचं तर घे, मी लपवत नाही.

काल मात्र मिरजेला गेले तंबोरा आणायला. रसूलभाईंनी जोडून माझ्या मांडीवर दिला आणि विचारलं, नेहमीप्रमाणं काळी चारला लावू ना? मी नको म्हटलं. काळी तीनला, म्हणजे खालच्या पट्टीत लावून घेतला. तारा त्याच मापाच्या, जाड, आणि तारांना गाज देणारी घोडीवरची जवारीही त्या सुराला काढून घेतली. तो वर चढणार नाही. चढवायला जाशील तर तार तुटेल, आणि तसली तार तुला स्वित्झर्लंडात कुणी देणार नाही. बाळासोला निरोप धाडला आहे की काळी तीनला लागेल असा तबला घे, त्यानं कारण विचारलं नाही. काळी तीनला तुझा वरचा षड्ज लागतो. परवा परवापर्यंत पहाटे एकटी गुणगुणायचीस तेव्हा मी ऐकला आहे. एक काळी पट्टी खाली गा, तिकडच्या लोकांना फरक कळायचा नाही, तुझी अब्रू राहील. हे मी मायेनं केलं असं समजून रडत बसू नकोस. तुझी फजिती मला डोळ्यांनी बघायला मिळणार नव्हती, आणि न बघता ती मला सोसवेना, इतकंच.

पत्र लिहायचं कारण निराळंच आहे. येत्या गुरुवारी मिरजेला रसूलभाईंच्या दारात मी गाणार आहे. स्वतःच्या बैठकीला बसायची ही माझी पहिलीच वेळ. त्यांनी स्वतः विचारलं, मी हो म्हटलं. झुबेदा म्हणाली की शंभरेक माणूस येईल. जुना तंबोरा काळी चारला लावलेला आहे आणि तसाच राहील. त्या शंभरांतले निम्मे तुझ्या बैठकांना येणारे आहेत. वरचा षड्ज ऐकला की ते एकमेकांकडं बघतील आणि हा आवाज आपण आधी कुठं ऐकला ते त्यांच्या लक्षात येईल. तू परत येशील तेव्हा सांगलीत सगळ्यांना कळलेलं असेल. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. तो षड्ज मी तुला तीन वर्षं वापरायला दिला होता, अक्का. गुरुवारी परत घेते आहे.

आता कुणाच्याही मागं न बसणारी,
तुझीच धाकटी बहीण,
रंगू