अर्धं खणलेलं मैदान

अमरावती, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९५८

हात दुखतात, धड लिहवत नाही. आमच्या आखाड्याची रीत अशी की पावसाळा संपला की हुतुतूचं मैदान खेळाडूंनीच खणायचं, आणि जो खणतो तो त्या वर्षी खेळतो. दरवर्षी मी सगळ्यांच्या आधी जातो. आजही गेलो, माझी कुदळ घेऊन. एक बाजू एकट्यानं खणून काढली, खडे वेचले.

तेवढ्यात आमचे सेक्रेटरी वकीलसाहेब आले. म्हणाले, "गंगाधर, अकोल्याच्या गिरणीतला तो चढाईवाला आपल्याकडे येऊन राहिला. तुह्या जागी त्याले घेतलं. तू यंदा पंच हो."

मी पंच. शिट्टी फुंकायची आणि त्या पोराचे गुण मोजायचे?

विचारलं, "मंग हे खणायच्या आधी कावून नाही सांगितलं?"

"मंग खणलं असतं कोनं?" म्हणाले. हसलेसुद्धा नाहीत.

रागवायचं तरी कुणावर? त्या पोरावर? त्यानं तर मैदान अजून पाहिलंही नाही.

दुसरी बाजू तशीच राहिली आहे. आखाड्यात कुदळ एकच, सगळे आळीपाळीनं तिनंच खणतात, आणि ती माझी. खांद्यावर टाकून घरी आणली, खाटेखाली सरकवली. उद्या वकीलसाहेबांनी नखांनी खणावं.