रजईवरचा नकाशा

एस्किशेहिर,
७ फेब्रुवारी १९९३

ती. जेवातदादास,

तुझे हात डोळ्यांना लावून नेरिमानचा नमस्कार वि. वि.

बाबा गेल्यापासून तुला एक ओळ लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. रोजनिशी लिहीत होते, पण रोजनिशीला उत्तर द्यावं लागत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आपली धाकटी बहीण बेल्किस इस्पितळात आहे. बाळंतज्वर. बाळ ठणठणीत आहे आणि माझ्याकडे आहे.

त्या शनिवारी, बाळाच्या सातव्या दिवशी, नाव ठेवायला सगळे तिच्या घरी जमलो होतो. तुझा फोन दुपारी आला, म्हणजे तू निम्मं ऐकलंसच. उरलेलं निम्मं मी सांगते.

बैठकीतली शेगडी धुरकटत होती, म्हणून पुरुषमंडळी बाळंतिणीच्या खोलीत येऊन बसली. सिगारेटींसकट. बेल्किसचे सासरे हाजी रिफ्कींनी बाळाला हातांवर घेऊन किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला तोंड केलं, उजव्या कानात अजान म्हटली आणि तीनदा नाव घेतलं, मुराद. ठरलं होतं बूमिन. बेल्किसच्या नवऱ्याने, ओक्तायने, बापाच्या हातून मूल अक्षरशः ओढून घेतलं आणि दुसऱ्या कानात तीनदा बूमिन म्हटलं. मग जे सुरू झालं ते तुला माहीत आहे. हाजीबाबा म्हणाले, तिकडे सारायेव्होत आपली माणसं मरताहेत आणि तू पोराला तंबूतल्या खानाचं नाव देतोस. सहाशे वर्षं आपण राज्य केलं ते काय मेंढ्या राखून? ओक्ताय म्हणाला, तुमच्या सुलतानांनी आपल्याला तुर्क म्हणायचीही लाज बाळगली. रशिया फुटलाय, अल्माटीपर्यंत सगळे भाऊ वाट बघताहेत, आपण घोड्यावरून आलेली जात आहोत. त्यावर हाजीबाबा म्हणाले, तू तर आज ढकललेल्या मोटारीतून आलास. सगळे हसले. मीही हसले.

मग ओक्तायने नकाशा आणला. भिंतीवर जागा नव्हती म्हणून तो बेल्किसच्या रजईवर पसरला. तिच्या पायांवर, दादा. बाल्कन तिच्या गुडघ्यावर आणि कझाकस्तान पावलांवर. कॅस्पियन समुद्रावर रक्षापात्र ठेवलं. एड्रियाटिकपासून चीनच्या भिंतीपर्यंत बोटं फिरत होती. तेवढ्यात तुझा फोन आला. तू अंकाराहून म्हणालास की दोन्ही नावं जंगली आहेत, ब्रसेल्समध्ये कुणालाही उच्चारता येईल असं नाव ठेवा, देनिझ ठेवा. आणि रिसीव्हर बाळाच्या कानाला लावायला सांगितलंस. वायर पुरेना, तेव्हा बाळच टेबलाकडे नेलं. तीन नावं झाली.

बेल्किसला एकानेही विचारलं नाही. ती निपचित पडली होती. मला वाटलं, ऐकून कंटाळली असेल. संध्याकाळी मंडळी उठली, मी नकाशाची घडी घालायला गेले, तेव्हा कळलं की पाय हलवले तर राख सांडेल म्हणून ती तासन्‌तास हललीच नव्हती. अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. मी औषधांचं दुकान चालवते, परक्या बायकांचा ताप चेहऱ्यावरून ओळखते. आणि कॉफीचा ट्रे मीसुद्धा त्याच रजईवर टेकवला होता.

मला किळस आली आहे. कुणाकुणाची, ते नीट ठरवता येत नाही, म्हणून थांबते. वहिनीला आठवण सांग.

तुझी,
नेरिमान

*

अंकारा,
११ फेब्रुवारी

चि. नेरिमान हीस,

दोन्ही डोळ्यांचे मुके आणि अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. तू लहानपणापासून मुंगीचा हत्ती करतेस, बाबा तुला घरचा न्यायाधीश म्हणायचे ते उगाच नाही. त्या दोघांच्या पंक्तीला मला बसवू नकोस. एकाला गेलेलं साम्राज्य हवंय, दुसऱ्याला कधी नव्हतंच ते. दोघांचीही तोंडं मागे. मी पोराला पुढचं नाव देत होतो. युरोपच्या दारात आपण किती वर्षं टोपी हातात घेऊन उभे आहोत, हे मला कचेरीत रोज दिसतं. आत जायचं तर आधी घरातली नावं, रीतीभाती धुऊन काढायला हव्यात. हा काही माझा हट्ट नाही, देशाचा प्रश्न आहे. ओक्तायला समजाव. तो अल्माटीला ट्रकचे सुटे भाग विकायला निघालाय म्हणे, तेव्हा धंद्याच्या भाषेत सांगितलंस तर कळेल त्याला.

वहिनीने लोकरीचं कुंचडं विणलं आहे, पाठवतो. बेल्किसला ताप आहे असं लिहिलं आहेस, तो आता उतरला असेलच.

लोभ कमी करू नये.

तुझा,
जेवात

*

एस्किशेहिर,
१७ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार वि. वि. कुंचडं पोचलं. छान बसतं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा माझाच विश्वास बसेना. बेल्किस शेवटच्या ओळीत सापडली, तीही उतरलेला ताप म्हणून. माझ्याकडून तुझ्यावर अन्याय होतोय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. तू दुष्ट नाहीस. हाजीबाबाही नाहीत, सारायेव्होच्या बातम्या बघून ते खरोखर रडतात. पण सुनेला बघायला एकदाही आले नाहीत. ओक्ताय आला, संत्री घेऊन. खुर्चीत बसून तिला विचारलं काय, तर त्या दिवशी पहिलं नाव बूमिन ऐकलंस की मुराद. ती नुकती शुद्धीवर आली होती.

ती म्हणाली, इल्यास. बाबांचं नाव. पोटात होता तेव्हापासून ती त्याला इल्यासच म्हणत होती, हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? ओक्ताय हसला. म्हणाला, रेल्वेच्या कारखान्यातल्या फिटरचं नाव? हे नकाशावर कुठे बसवू? बेल्किसने एवढंच विचारलं की तो नकाशा आता कुठे आहे, कारण तिला तिची रजई धुवायची आहे.

आता ओक्ताय अल्माटीच्या विमानात आहे. जाण्याआधी बापलेकांनी तह केला, मुराद बूमिन. शुक्रवारची नमाज झाली की हाजीबाबा नोंदणी कचेरीत जाऊन तसं लिहवून आणणार आहेत. तुझं देनिझ तहात बसलं नाही, वाईट वाटून घेऊ नकोस.

परवा बेल्किसला इस्पितळातून माझ्या घरी आणलं. आज सकाळी ती म्हणाली, शुक्रवारच्या आधी मीच जाते. मी म्हटलं, चाळीस दिवस व्हायचे आहेत, बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. ती म्हणाली, माझ्या पलंगावर अख्खा तुर्कस्तान चालून आला तेव्हा ते चाळीस दिवस कुणी पाळले? मी डॉक्टरांना विचारलं, टॅक्सीने जा म्हणाले.

हे पत्र तुला पोचेल तेव्हा सगळं झालेलं असेल, म्हणून फोनवर कळवत नाही. लोभ आहेच. तो टिकवायचा असेल तर पुढच्या पत्रात फक्त तिच्याबद्दल विचार.

तुझी,
नेरिमान

ता. क. रोजनिशीच्या सवयीने उद्याचं काम इथेच टिपते : बेल्किसला नोंदणी कचेरीत न्यायचं, निघताना तिच्या पायांत जाड मोजे घालायचे.