एमिल ह्रुस्काच्या राहिलेल्या तीन फैरी

मी वेड ह्रुस्का, वय बावीस, राहणार लोमन, नेब्रास्का. डोकं ठिकाणावर आहे. शाळेतल्यांचं मत वेगळं होतं, पण त्यांना कोण विचारतंय. पुढच्या आठवड्यात आमची पलटण परदेशी चाललीय, म्हणून सार्जंट म्हणाला सगळ्यांनी मृत्युपत्र लिहा. बळजबरी कुणी केलेली नाही, सार्जंट सोडून.

१. माझी पिकअप बहीण जोलीनला. डावं दार लाथेनं उघडतं.

२. आजोबांची क्रोमची रायफलही जोलीनला. ही सरकारी नाही. एका विधवेनं गावच्या माजी सैनिकांच्या हॉलला दिलेली. मुलामा सोलायला लागला तशी हॉलचा प्रमुख, कमांडर स्टॅमलर, यानं ती आजोबांच्या गळ्यात मारली. चकाकीच्या नादात कुणीतरी आतल्या सरकत्या भागांवरही क्रोम चढवलं होतं, म्हणून बोल्ट अडकायचा. आम्ही दोघांनी अख्खा हिवाळा ते आतलं क्रोम घासून काढलं, बाहेरचं नवीन चढवून आणलं. आजोबा म्हणायचे, "बाहेरून लग्नाला, आतून कामाला."

जोलीनचा नवरा ट्रॅव्हिस ती हरणं मारायला मागेल. देऊ नये. नळी जुनी आहे, नुसता बिनगोळीचा, आवाजाचा बार काढण्यापुरतीच. खऱ्या गोळीनं फुटली तर ट्रॅव्हिसचं थोबाड जाईल. तसं फार नुकसान नाही, पण रायफल जाईल.

हॉलच्या सात रायफलीही आजोबांनी अकरा वर्षं फुकट पुसल्या. कुणी माजी सैनिक गेला की त्याच्या कबरीपाशी मानवंदना म्हणून याच रायफलींच्या तीन फैरी झडायच्या. आजोबांसाठी झडल्या नाहीत. तरुणपणी त्यांनी एका ऑफिसरच्या कानाखाली काढली होती, म्हणून लष्करानं त्यांना सुटकेच्या कागदावर खराब शेरा मारून घालवलेलं.

स्टॅमलर दफनाला आला. म्हणाला, "वेड, एमिल आमचाच होता रे. पण त्याचा कागद बरा नाही."

मी म्हणालो, "मग गाडीत सात रायफली कशाला आणल्यात?"

"दुपारी अजून एक दफन आहे."

मी ही रायफल आणायला निघालो, तर जोलीननं हात धरला. एकट्यानं झाडली तर ती मानवंदना होत नाही, आजोबांची शोभा करू नको म्हणाली. तिचं बरोबर होतं. म्हणूनच राग गेलेला नाही.

३. दफनात स्टॅमलर फुंकायचं नुसतं सोंग करतो, त्याच्या बिगुलात आपोआप वाजणारं यंत्र असतं. त्यात आइस्क्रीमच्या गाडीची धून मीच घातली होती. माफी मागत नाही.

४. माझा कागद स्वच्छ आहे. त्यासाठीच भरती झालो. मी मेलो तर हॉलला नियमानं तीन फैरी झाडाव्याच लागतील. मला लष्करी स्मशानात नेऊ नका. आजोबांच्या शेजारी पुरा, मध्ये फावडं मावणार नाही इतकं जवळ. हॉलच्या वहीत फैरी माझ्या नावावर लिहा आणि झाडा.

जिवंत परत आलो, तर थांबा. कधीतरी मरेनच.

सही: वेड ह्रुस्का
साक्षीदार: ओर्लँडो बाका, टायरेल मिम्स (दोघांनी वाचलं, एकच हसला)
छावणी, टेक्सास. ९ मार्च २०१९