रास्पबेरीच्या वाफ्यासह घर सुनेला

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा शिवणकाम, डोळे अधू पण डोकं ठिकाणावर, हे पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. दबाव कोणाचाही नाही. शिसारी मात्र आहे, तीही नोंदवून घ्यावी.

१. राहतं घर आणि मागचा रास्पबेरीचा वाफा माझ्या माजी सुनेला द्यावा. ‘माजी’ ही माझ्या मुलाची करणी.

कारण लिहिते. रास्पबेरीची काडी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. वाळलेली काढायची, हिरवी राखायची, एवढंच शास्त्र. सुनेनं रोपं लावतानाच ते सांगितलं होतं. चिरंजीवांनी तरी सलग दोन हिवाळे शहाणपण पाजळलं. “आई, या हिरव्यांना एक तरी फळ आलं का? फुकट जागा अडवतात,” म्हणून माझ्या कापडाच्या कात्रीनं सगळ्या हिरव्या काड्या कापल्या आणि वाळकी खुंटं तारेला नीट बांधून ठेवली. कात्रीच्या पात्यावरचा तो चिकट रस मीच पुसून काढला.

मग फळ कुठून येणार? नाचता येईना, अंगण वाकडं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. चारचौघांत जेवताना तो म्हणाला, “वाफा वांझ, बायकोही वांझ. माझं नशीबच तसलं!” मी मूग गिळून वाढत राहिले. सून उठली, हात धुतले, बॅग भरली.

२. ती कात्री मुलाला. धार गेली आहे. वाफ्यावर फरशी घालून गाडी ठेवायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे; त्यानं त्या मातीत पाऊलही ठेवू नये.

३. शिलाई मशीन गल्लीच्या टोकाच्या शिंपिणीला. पायडल करकरतं, तेल घालावं.

४. सून गेल्यापासून हिरव्या काड्या मी राखते. उन्हाळ्यात वाडगे भरून फळ येतं. मला एकही तोंडात घालवत नाही, पाखरं खातात. वाटेवर आलेले फुटवे तेवढे उपटावेत.

५. तिनं घर नको म्हटलं, तर तिची विनवणी करू नये. तो तिचा हक्क आहे.

त्या दिवशी ‘गप्प बस’ एवढे दोन शब्द मला जड झाले. आज पानभर लिहिते आहे, तेही मेल्यावर वाचलं जाईल अशा बेतानं. मुलाची किळस येतेच. त्याहून जास्त माझी येते.

स्थळ : राहतं घर, शिवणाची खोली
दिनांक : ३ डिसेंबर
सही : घरमालकीण

साक्षीदार पहिले : घरी येणारे डॉक्टर. मी शुद्धीत असल्याचं तपासून सही केली.
साक्षीदार दुसरी : शेजारीण. त्या दिवशी जेवायला होती. तीही गप्प बसली होती.