भरली कोठी

शनिवार, दिवेलागण. साखरा.

आईनं कोठी भरली. झाकणापर्यंत तूर. आणि उद्या हिंगोलीत आमचा पहिला कार्यक्रम!

आमच्या तिघींच्या बँडचा ड्रम म्हणजे हीच पत्र्याची कोठी. रुखसार गिटार वाजवते, वैशाली भाजीवाल्याच्या भोंग्यातून गाते, मी कोठी बडवते. गाव हसतं. पण बोलावणारा माणूस म्हणाला होता, तो पत्र्याचा आवाज पाहिजेच.

आज काठी मारली तर नुसतं धप्. पोत्यावर मारल्यासारखं. मग प्लास्टिकची टाकी वाजवून पाहिली, ती खोकल्यावानी वाजते. रुखसार गिटार खाली ठेवून रडायलाच लागली.

"आई, एका दिवसापुरती रिकामी करू का?" एवढंच विचारलं.

"येडी झालीस व्हय? हळदकुंकू लागलंय तिला. भरल्या कोठीला काठी लावतीस काहून?"

हळदकुंकू कुठं, तर बराबर त्या पोच्यावर, जिथं माझी काठी बसून बसून पत्रा आत दबलाय. आईला दुसरी जागा दिसली न्हाई? का तिला तेच कोठीचं कपाळ वाटलं?

दोन वर्षं तूर हाती लागली न्हाई, म्हणून कोठी मोकळी होती. म्हणून बँड होता. हे आत्ता कळून राहिलं मला.

"दोन सालानं भरली, हात जोड," आई म्हणाली. जोडले. त्या पोच्यावरच्या कुंकवाकडं बघत. सगळं घर खुशीत, आणि माझ्या मनात काय यावं? पुन्हा रिकामी होऊ दे.